कावेरी झांबरे आणि कारपेंटरबाईंचं आडनाव

बर दुबईत, खाडी ओलांडणाऱ्या अब्रा होड्या जिथे लागतात त्या काठापासून दोन गल्ल्या आत, बदरुद्दीनभाईंचं टायपिंग ऑफिस होतं. चार टेबलं, चार टाइपरायटर, दाराजवळ भाईंचं स्वतःचं मोठं टेबल, आणि दारापर्यंत आलेली माणसांची रांग. व्हिसाचे, लेबर कार्डाचे, बायकामुलांना बोलावून घेण्याचे अर्ज अरबीत भरून द्यायचे, एवढंच तिथलं काम. तीन टेबलांवर बदरुद्दीनभाईंच्या गावची केरळी माणसं होती. चौथ्या टेबलावर, एसीच्या गळणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवून, कावेरी झांबरे बसायची.

कावेरी वरणगावची. बारावीनंतर जळगावला इंग्रजी-मराठी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, लग्न झालं आणि नवऱ्याच्या, धनंजयच्या पाठोपाठ त्र्याण्णव साली दुबईला आली. धनंजय एका गॅरेजमध्ये स्टोअरकीपर होता. घर अल कुसैसमध्ये, दोन खोल्यांचं. मुलगी मिहिका शाळेत जायला लागल्यावर कावेरीने अरबी कीबोर्ड शिकायला घेतला. भाषा येत नव्हती, अक्षरं तरी ओळखीची करून घेऊ म्हणाली, आणि सहा महिन्यांत बोटं धावायला लागली.

तिला त्या कामात एक गोष्ट फार लवकर उमगली. अरबीत प नाही, च नाही, ट नाही. पाटलांचा बातील होतो, चव्हाणांचा शवान. माणूस तोंडाने सांगतो एक, टायपिस्टला ऐकू येतं दुसरं, कागदावर उमटतं तिसरं, आणि सरकारी शिक्का बसला की तेच त्याचं नाव. म्हणून कावेरी घाई करत नसे. रांगेतला माणूस कितीही वैतागला तरी ती आधी पासपोर्ट मागायची. कुणी झेरॉक्स पुढे केली की हात मागे घ्यायची. "कॉपी नको भैया, ओरिजिनल दिखाओ."

ही सवय वडिलांची. ते भुसावळच्या तहसील कचेरीत नक्कल विभागात होते. आयुष्यभर जुन्या दस्तऐवजांच्या नकला लिहिल्या त्यांनी, आणि म्हणूनच नकलेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "नक्कल करणारा मूर्ख असला तर चालतो," ते म्हणायचे. "त्याला दिसतं तेच तो लिहितो. शहाणा असला की पंचाईत. तो सुधारतो."

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात दुकानात एक जोडी आली. पुढे पन्नाशी ओलांडलेली, फ्रॉकवर स्वेटर घातलेली, सावळ्या रंगाची उंच बाई. मागे मान खाली घातलेला तिशीचा माणूस. बाई एका लाकूडकामाच्या कंपनीत सेक्रेटरी. नाव डोरीन कारपेंटर. माणूस त्याच कंपनीतला कामगार, समाधान सुतार, सटाण्याकडचा.

"याचा लफडा बघा," बाई हिंदीत म्हणाल्या. "पासपोर्टवर सुतार, व्हिसावर नज्जार. बायकोची डिलिव्हरी आहे, गावी जायचंय, आणि सरकारी कागद करणारा आमचा पीआरओ म्हणतो हा माणूस तो माणूस नाहीच."

कावेरीने समाधानला मराठीत विचारलं, "अर्ज भरताना काय झालं होतं? आठवून सांगा."

"ताई, तो टायपिंगवाला पठाण होता. सुतार म्हणजे काय, म्हणून विचारलं त्याने. मी म्हटलं, सुतार बोले तो कारपेंटर. मग त्याने काय लिहिलं मला काय ठाऊक?"

कावेरी हसली. अरबीत नज्जार म्हणजे सुतार. त्या भल्या माणसाने आडनाव लिहिलंच नव्हतं, त्याचा अर्थ लिहिला होता. तिने दोन अर्ज टाइप केले, एक खुलासा जोडला, पासपोर्टची पानं लावली, कुठल्या खिडकीवर कुणाला भेटायचं ते सांगितलं. नऊ दिवसांत समाधानचं नाव त्याला परत मिळालं, आणि बाळ जन्मलं त्याच्या आदल्या दिवशी तो घरी पोचला.

डोरीनबाई आभार मानायला एकट्याच आल्या. खुर्चीत बसल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "काय वं पोरी, वरणगावची ना तू? तुझ्या 'आठवून सांगा'चा हेल ऐकला तेव्हाच वळखलं. मी भुसावळची. रेल्वे कॉलनी."

कावेरी खुर्ची सरकवून पुढे झाली. दुबईत येऊन चार वर्षं झाली होती आणि खानदेशातलं 'वळखलं' तिने इथे कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी बाई अल कुसैसला जेवायला आल्या. कावेरीने गॅसवर वांगी भाजून भरीत केलं, जोडीला कळण्याची भाकरी. वांगी शारजाच्या मंडईतली; बाईंनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. "बामणोदच्या वांग्याची सर नाही," म्हणाल्या आणि तीन वेळा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक जाड फाइल काढली.

"तुला नावांचं कळतं," त्या म्हणाल्या. "म्हणून दाखवते. ऑफिसात कुणाला दाखवत नाही."

डोरीनबाईंचे आजोबा जॉन कारपेंटर आयर्लंडहून ब्रिटिश फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आले होते. फौज सोडल्यावर भुसावळला रेल्वेत लागले, इंजिनात कोळसा मारता मारता ड्रायव्हर झाले, तिथलीच रोझ नावाची मुलगी केली आणि एक्केचाळीस साली तिथेच वारले. लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे मागे एकही पत्र नाही. फौजेतून सुटताना मिळालेला एक कागद तेवढा होता. त्यावर लिहिलं होतं: जन्म परगणा डॉनेगॉल, गाव क्लूनारा.

"अकरा वर्षं पत्रं लिहितेय त्या गावच्या चर्चला. हे बघ शेवटचं उत्तर."

कावेरीने पत्र वाचलं. चर्चच्या सेक्रेटरीने नम्रपणे कळवलं होतं की १८६० ते १८९० या काळातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत कारपेंटर हे आडनाव एकदाही नाही. या गावात असं आडनाव कधी ऐकिवातही नाही.

"आंटी, एवढं का मनाला लावून घेता?" धनंजयने विचारलं.

बाईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "भुसावळला पोरं मला गोऱ्याची उष्टी म्हणायची. इथं लंडनहून आलेला आमचा सेल्स मॅनेजर पार्टीत सगळ्यांसमोर म्हणाला, तुम्ही इंडियातले लोक दुकानाच्या पाट्या वाचून आडनावं घेता, नाही का? सगळे हसले. मीपण हसले. काय करणार? आता ते चर्चवालेपण म्हणतात असं नावच नाही. मग मी कोण गं? माझा बाप कोण?"

मिहिका अभ्यासाच्या वहीतून मान वर करून म्हणाली, "आंटी, मेबी दे लॉस्ट द पेज."

पण कावेरी त्या पत्राकडे बघतच राहिली होती. आडनाव एकदाही नाही. गावात ऐकिवातही नाही. तिच्या डोक्यात समाधानचा व्हिसा आला.

"आंटी," ती हळू म्हणाली, "त्या गावची माणसं इंग्रजी बोलायची?"

"त्या काळी? नाही बहुतेक. त्यांची आपली आयरिश भाषा होती."

"मग भरतीच्या टेबलावर तुमच्या आजोबांनी नाव सांगितलं असेल ते आयरिशमधलं. आणि साहेबाने विचारलं असेल, म्हणजे काय?"

डोरीनबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

"तुमचं आडनाव चोरीचं नाही, आंटी. मला वाटतं त्याचं भाषांतर झालंय. आता मूळ शब्द कोणता होता तो शोधायचा."

शोधायचा म्हणजे कुठे? फाइलमध्ये आजोबांच्या लग्नाचा दाखला होता, भुसावळच्या एका जुन्या चर्चने पंचावन्न साली टाइप करून दिलेला. नवरा जॉन कारपेंटर, नवऱ्याचे वडील ओवेन कारपेंटर. इथेही कारपेंटरच. बाई म्हणाल्या, "बघ, बापपण कारपेंटर. तुझं म्हणणं बसत नाही."

कावेरीने दाखला उलटसुलट करून पाहिला. "ही नक्कल आहे," ती म्हणाली. "मूळ मी पाहिलेलं नाही."

डोरीनबाईंचे गुडघे गेलेले. भुसावळला ओळखीचं कुणी उरलेलं नव्हतं आणि तिथल्या रस्त्यांवर एकटीने फिरायची त्यांना भीती वाटायची. कावेरी दोन वर्षांनी एकदा मे महिन्यात माहेरी जायचीच. तिने बाईंकडून सहीचं अधिकारपत्र घेतलं आणि अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये, वरणगावला पोचल्याच्या चौथ्या दिवशी, सकाळच्या पहिल्या एसटीने भुसावळ गाठलं.

चर्चमध्ये फादर लोपीस म्हणून वसईचे पाद्री होते. मराठी बोलणारे, पण नियमाचे पक्के. "रजिस्टर फार जुनं आहे. फोटो नाही, झेरॉक्स नाही. दाखला हवा तर टाइप करून देतो."

"फादर, टाइप केलेला दाखला आहे माझ्याकडे. मला फक्त ओळ बघायची आहे. हात लावणार नाही."

फादरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

कावेरीला काय सांगावं कळेना. "मी त्यांची टायपिस्ट आहे," ती म्हणाली.

ते उत्तर फादरांना का आवडलं कोण जाणे, त्यांनी कपाटाची किल्ली काढली. रजिस्टर गुडघ्याएवढं उंच होतं, पाठीचं चामडं सुटलेलं. १९०४ साल यायला पाव तास गेला. मग फादरांचं बोट थांबलं. शाई पिकून तपकिरी झाली होती, पण अक्षर ताठ आणि मोकळं होतं. जॉन कारपेंटर, वय सव्वीस, रेल्वेत फायरमन. पुढच्या रकान्यात वडिलांचं नाव.

कावेरी वाकली. तिने एकेक अक्षर लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं, मोठ्याने.

"ओवेन मॅकॅटीर."

"मॅकॅटीर?" फादर चष्मा सारखा करत म्हणाले. "मुलगा कारपेंटर आणि बाप मॅकॅटीर? चूक झाली असेल लिहिताना."

"नाही फादर," कावेरी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की कोपऱ्यात फुलं ठेवणारी बाई वळून बघायला लागली. "हेच एक बरोबर आहे! नवऱ्याचं नाव त्याच्या फौजेच्या कागदावरून उतरवलं. बापाचा कागद नव्हता. ते तोंडून विचारलं, आणि लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं."

फादर विचारात पडले. मग सही बघून म्हणाले, "तेव्हाचे इथले पाद्री जर्मन होते. त्यांना आयरिश कुठून कळणार?"

"कळत नव्हतं म्हणूनच टिकलं ते," कावेरी म्हणाली. पन्नास वर्षांनी दाखला टाइप करणाऱ्या कारकुनाला मुलाचं आणि बापाचं आडनाव वेगळं दिसलं असणार. माणूस शहाणा होता. त्याने सुधारलं.

तिने पेन्सिलीने ती ओळ अक्षराच्या वळणासकट वहीत उतरवली. फादरांनी खाली 'मुळाशी ताडून पाहिले' असं लिहून सही केली, शिक्का मारला, आणि स्वतः फाटकापर्यंत सोडायला आले. त्या दुपारी भुसावळ त्रेचाळीस अंशांनी तापलं होतं. कावेरी एसटीडी बूथच्या पत्र्याच्या खोक्यात घामाने निथळत उभी राहिली आणि दुबईचा नंबर फिरवला.

"आंटी, लिहून घ्या. मॅकॅटीर. एम, ए, सी..."

पलीकडे कागदावर पेन घासल्याचा आवाज आला. मग बाई लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या, "परत म्हण."

तिने पाच वेळा म्हटलं. बूथवाला मीटरकडे बोट दाखवत राहिला.

जूनमध्ये दुबईला परतल्यावर दोघींनी मिळून क्लूनाराला पत्र लिहिलं. कावेरीने ते बदरुद्दीनभाईंच्या दुकानात टाइप केलं आणि या वेळी सेक्रेटरीला न पाठवता थेट तिथल्या पाद्र्याच्या नावे पाठवलं. कुरियरचे नव्वद दिरहॅम झाले. "म्हणजे हजार रुपये!" धनंजय म्हणाला, आणि पावती नीट घडी घालून फाइलमध्ये लावली.

उत्तर ऑगस्टमध्ये आलं. डोरीनबाई तो लिफाफा न फोडता टॅक्सीने अल कुसैसला घेऊन आल्या. त्यांनी तो कावेरीच्या हातात दिला आणि तिने तो कात्रीने उघडला. बाई म्हणाल्या, "तूच वाच."

पत्र फादर गॅलागर नावाच्या म्हाताऱ्या पाद्र्याचं होतं. कावेरी इंग्रजी वाचत गेली आणि मराठीत सांगत गेली. मॅकॅटीर हे आमच्या खोऱ्यातलं जुनं नाव आहे. आयरिशमध्ये त्याचा अर्थ सुताराचा मुलगा. इथल्या दर दोन घरांतल्या एकाचं तेच आडनाव आहे, त्यामुळे कारपेंटर शोधणाऱ्या बाईंची पत्रं इतकी वर्षं आमच्या कार्यालयात येत होती आणि आम्ही नाही म्हणत होतो, याची मला लाज वाटते. बाप्तिस्म्याचं रजिस्टर लॅटिनमध्ये आहे. त्यात ११ फेब्रुवारी १८७८ ची नोंद सापडली. जॉन, ओवेन आणि ब्रिजिड मॅकॅटीर यांचा मुलगा.

"थांब," डोरीनबाई म्हणाल्या. त्या उठून गॅलरीत गेल्या. खाली मुलं सायकली चालवत होती, समोरच्या मशिदीतून दुपारची बांग सुरू झाली होती. बांग संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. आत आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा असा, जसा कावेरीने तोवर पाहिलाच नव्हता. "पुढे वाच."

पुढे खरी बातमी होती. जॉनच्या धाकट्या भावाची मुलगी अजून गावात होती. नाव ब्रायडी, वय एक्क्याऐंशी. घरच्यांचा समज होता की जॉन लढाईत मेला. त्याच्या नावाने दर नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना होत होती, गेली नव्वद-पंच्याण्णव वर्षं. फादरांनी ब्रायडीला सांगितलं की काका मेला नव्हता, तो गरम देशात आगगाडीचं इंजिन चालवत होता आणि त्याला पाच मुलं झाली. तेव्हा ती आधी रागावली, मग हसली, आणि मग तिने विचारलं की त्याची नात कधी येतेय.

धनंजय कधी खाली गेला आणि मिठाईचा बॉक्स घेऊन आला ते कुणाला कळलंही नाही.

त्या शनिवारी डोरीनबाई ऑफिसात गेल्या आणि फादर गॅलागरच्या पत्राची प्रत सेल्स मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. त्याने ती उभ्याउभ्याच वाचली. लाकूडकामाच्या कंपनीतला माणूस. सुताराचा मुलगा हा अर्थ वाचून तो मान वर करेना. मग म्हणाला, "मिस कारपेंटर, मी तुमची माफी मागतो." बाईंनी दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. बाहेरच्या सगळ्यांनी ते ऐकलं, आणि वर्कशॉपमधून बिल दाखवायला आलेला समाधान तर खाली जाऊन चाळीस माणसांना सांगून मोकळा झाला.

कावेरीने एकदा विचारलं, "आंटी, आता नाव बदलून मॅकॅटीर करायचं का? अर्ज मी करून देते."

"कशाला?" बाई म्हणाल्या. "माझं नाव खोटं कुठं होतं? बापाचं आहे, आजाचं आहे. राहू दे."

नव्व्याण्णवच्या जुलैत, साठवलेली सुट्टी एकदम घेऊन, डोरीनबाई आयर्लंडला गेल्या. गेल्यापासून आठ दिवस त्यांचा पत्ता नव्हता. नवव्या दिवशी, ऐन संध्याकाळी, दुकानात पंधरावीस माणसं रांगेत असताना फोन वाजला. बदरुद्दीनभाईंनी उचलला, दोनदा 'व्हॉट, व्हॉट' केलं आणि रिसीव्हर कावेरीकडे धरला. "कावेरी बहन, तुम्हारे लिए. बहुत शोर है."

"पोरी!" डोरीनबाई ओरडत होत्या. मागे माणसांचा गलका होता, कुणीतरी बाजा वाजवत होतं. "सव्वीस माणसं आलीयेत गं मला बघायला! एकाचं नाक अगदी माझ्या बापाचं! आणि थंडी अशी की जुलैत शेकोटी पेटवलीय यांनी. थांब, ब्रायडीला तुझ्याशी बोलायचंय."

"माझ्याशी? आंटी, मला त्यांचं इंग्रजी..."

तोवर पलीकडे एक बारीक, खरखरीत आवाज आला. फार सावकाश बोलत होता, जणू कावेरीला एकेक शब्द हातात देत होता. म्हातारी म्हणाली, मी ऐकलं की आमचं नाव तुम्हाला सापडलं. आम्हाला आमचा माणूस परत दिलात. या नोव्हेंबरात त्याच्यासाठी प्रार्थना होईल तेव्हा आम्ही त्याच्या बायकोचं आणि पाच मुलांचंही नाव घेऊ. तुमचं नाव काय, ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

"कावेरी," ती म्हणाली.

म्हातारीने तो शब्द उच्चारून पाहिला. पहिल्यांदा चुकला. कावेरीने पुन्हा सांगितला, अक्षर सुटं करून, आणि दुसऱ्या खेपेला तो अगदी बरोबर आला.

फोन ठेवला तेव्हा तिला दिसलं की दुकानातले चारही टाइपरायटर थांबले होते. रांगेतली माणसं, पेशावरची, चितगावची, सोलापूरची, तिच्याकडे बघत होती. "क्या हुआ बाजी? घर में सब खैरियत?" पुढच्या माणसाने काळजीने विचारलं.

कावेरीने सांगितलं. हिंदीत, अडखळत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भरतीचं टेबल, जर्मन पाद्री, शहाणा कारकून, सव्वीस माणसं. सांगून झाल्यावर मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. बदरुद्दीनभाई ऊठसूट कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शेजारच्या कॅफेटेरियाला हाक मारली, "सबको चाय! हमारी तरफ से!" आणि मग तिची खुर्ची एसीखालून उचलून स्वतःच्या हाताने दाराजवळच्या मोठ्या टेबलाशी नेऊन ठेवली.

पुढे दुबईतच नव्हे, शारजा-अबुधाबीतूनही माणसं तिचं नाव विचारत येऊ लागली. कुणाच्या आजाचं नाव झांझिबारच्या कागदांत एक आणि मस्कतच्या कागदांत दुसरं. कुणी गोव्याचा, ज्याचं पोर्तुगीज आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. सगळ्यांचे प्रश्न सुटले असं नाही. पण दोन हजार तीन साली बदरुद्दीनभाई कायमचे गावी गेले तेव्हा त्यांनी दुकान चालवायला कुणाला द्यायचं याचा विचारसुद्धा केला नाही. नव्या पाटीचा मजकूर कावेरीने स्वतः लिहिला. खाली बारीक अक्षरात, तीन भाषांत, एक ओळ घातली: येताना मूळ कागद घेऊन यावे.